पाच घरांचा बोळ

आमच्या अकोल्याच्या घरात त्या वर्षी दोन पातेल्यांत खळ शिजायची. एक आईची, तांदळाच्या पेजेची, अण्णांच्या कोर्टात जायच्या धोतरासाठी. दुसरी दादाची, मैद्याची, पुठ्ठे चिकटवायला. तिला कीड लागू नये म्हणून दादा तीत चिमूटभर मोरचूद टाकायचा. एकदा सकाळच्या घाईत पातेल्यांची अदलाबदल झाली आणि आमचे वडील फिकट हिरवं धोतर नेसून जज्जासमोर उभे राहिले. संध्याकाळी आल्यावर त्यांनी ते धोतर दोरीवर टाकलं, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वकिली पांढरी होती तेवढी बरी होती." आम्ही तिघं भावंडं ओसरीवर दाराआड तोंडात बोळा कोंबून हसत होतो. आई मात्र हसली नाही, कारण अण्णांचं असं शांत बोलणं म्हणजे पुढच्या मोठ्या बोलण्याची नांदी असते हे तिला ठाऊक होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मधुकर. अण्णांनी त्याला वकील करायला धाडलं होतं, आणि तो पहिल्याच वर्षी बिस्तरा गुंडाळून परत आला होता. का, तर त्याला खेळ बनवायचे होते. खेळायचा नाद असलेली माणसं वऱ्हाडात पायलीला पन्नास मिळतील. देवळाच्या ओट्यावर सारीपाट मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांना तर जेवणाचीही शुद्ध नसे. पण खेळ बनवायचा नाद असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि अण्णांनीही पाहिला नव्हता. "हे कोणतं खातं हाय?" ते विचारायचे. "मास्तर होते, वकील होते, भटजी होते. खेळ बनवणारा म्हणजे काय होते?" शेवटी आईनं मध्ये पडून तोड काढली. दिवाळी ते दिवाळी, एक वर्ष. कॉलेजच्या फीचा पैसा त्यानं आपल्या खेळावर लावावा, आणि त्यातून त्याचं पोट भरेल असं दिसलं नाही तर अमरावतीच्या कचेरीत जिथं अण्णा चिकटवतील तिथं मुकाट्यानं चिकटावं.

माझा एक नातू पुण्यात कॉम्प्युटरवर खेळ बनवतो. चांगली नोकरी सोडून एकटाच खोलीत बसलेला असतो आणि त्याची आई फोनवर माझ्याजवळ रडते. पण नातवाला अडलं की पडद्यावर शिकवायला सारं जग हजर असतं. दादाला विचारायला अकोल्यात एक माणूस नव्हता. फासा कसा तासतात हे तो लाकूड कातणाऱ्या खराद्याच्या दुकानात उभं राहून शिकला. पहिला फासा बनला तेव्हा त्यानं मला शंभरदा फेकायला लावलं आणि प्रत्येक दान वहीत लिहायला लावलं. पाच भलतेच जास्त पडले. "खोटा हाय हा," म्हणून त्यानं तो चुलीत टाकला. पुठ्ठा कापडाच्या दुकानातल्या खोक्यांचा, रंग मूर्तिकाराकडून मागून आणलेले, आणि पट आखायला अण्णांची जुनी फूटपट्टी, जिच्या एका टोकाला आम्हा सर्वांच्या पाठीच्या आठवणी होत्या.

खेळाचं नाव होतं कापूसगाडी. आमच्या घरावरूनच कापसाच्या गाड्या जायच्या. हंगामात दिवसभर चाकांचा करकराट आणि बैलांच्या घुंगरांचा नाद कानात असे, आणि आईच्या वाळत घातलेल्या पापडांवर कापसाचे तंतू येऊन चिकटत. दादानं तेच पटावर आणलं. खेड्यातून रस्ता निघतो, नाला लागतो, चढ लागतो, आणि शेवटी अकोटचं जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. जिनाच्या फाटकाआधी पाच घरांचा एक बोळ. प्रत्येक गड्याच्या दोन गाड्या. भरल्या न्यायच्या, जिनात रिकाम्या करायच्या आणि त्याच रस्त्यानं परत घरी आणायच्या. ज्याच्या दोन्ही गाड्या आधी घरी पोचल्या तो जिंकला. रस्ता रुंद, तिथं कोणीही कोणाला ओलांडावं. बोळ मात्र अरुंद, तिथं ओलांडायचं नाही. आणि बैल मागं सरत नाहीत, म्हणून गाडी कुठंच मागं घ्यायची नाही. खरोखरच्या फाटकाशी जी हाणामारी चाले तीच पटावर व्हायची. "मजा तिथंच हाय," दादा म्हणायचा, "कोंडी झाली पाह्यजे."

या खेळाची खरी मालकीण होती बेबी. आमची धाकटी बहीण, नऊ वर्षांची. ती दोन वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय गेला, तेव्हापासून तिचं जग म्हणजे ओसरीवरची खाट. अंगणातल्या लपंडावात, शिवाशिवीत ती नेहमी कच्चं लिंबू. म्हणजे खेळात असायचं, पण तिच्यावर राज्य यायचं नाही. खाटेवर कापूसगाडी सुरू झाली तरी ती सवय आमच्या हाडात होती. इथं पायाची गरज नव्हती, तरी आम्ही तिला कच्चं लिंबूच ठेवलं. तिला एक मुभा होती. तिच्या वाटेत कोणाची गाडी आडवी आली तर ती उचलून मागं ठेवायची. बोळात सगळ्यांच्या गाड्या तोंडाला तोंड भिडवून उभ्या राहिल्या की बेबीची पाळी यायची, ती दोन बोटांनी एखादी गाडी उचलून ठेवायची, आणि रस्ता वाहू लागायचा. आम्ही म्हणायचो, घे बाई, तुझं चालू दे. आमच्या मते आम्ही तिच्यावर उपकार करत होतो. तीस-चाळीस डाव आम्ही असे खेळलो असू. कढीगोळे शिजेपर्यंत एक डाव आणि जेवून उठल्यावर दुसरा.

छापखाना ठरला अमरावतीचा. दगडाच्या शिळेवर चित्र चढवून तीन रंगांत पट छापायचे, पाचशे. एकदा शिळेवर चढलं की काडीचा बदल नाही. दादा जायला निघाला त्या आठवड्यात बेबीला मुदतीचा ताप होता, पण डॉक्टर म्हणाले होते की उतारावर आहे. पिशवीत सामान भरता भरता दादा थांबला आणि म्हणाला, "शालू, एक गोष्ट माह्या ध्यानात आली. आपुन सारे डाव बेबीची मुभा धरून खेळलो. बायरच्या लोकायच्या घरी बेबी कुठं राहीन? आज-उद्या तू, बेबी आन् आई, तिघी मिळून एक डाव बिनमुभेचा खेळजा. जे होईन ते खरं खरं वहीत लिहिजो. अण्णा परवा तारखेसाठी अमरावतीले येऊन राहिले, त्याईच्या हाती वही पाठव. तुह्या वहीवर मी छापाची हो-ना सांगतो."

खाटेवरून बेबी म्हणाली, "म्हणजे मी आता पक्की?"

"पक्की," दादा म्हणाला. "कच्च्याची पक्की झाली आमची लेक."

नातू मला त्याचा खेळ दाखवायला आला की हातात यंत्र देतो आणि समोर गप्प बसतो. "आजी, मी काही सांगणार नाही. तू अडलीस तर अडू दे. मला तेच बघायचंय." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला उठून आत जावं लागलं. ते पोर बावचळलं, त्याला वाटलं आजीला खेळ आवडला नाही.

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पट मांडला. बेबीच्या पाठीला दोन उशा, कपाळाला ओल्या फडक्याची घडी. आई मधूनमधून चुलीकडे जायची, कारण मुगाचं कढण उकळत होतं. बेबी त्या दिवशी जशी खेळली तशी कधी खेळली नाही. दान पडायच्या आधी ओठ हलवायची, घरं मोजायची, घाई करायची नाही. तिची पहिली गाडी जाऊन परत आली. दुसरी रिकामी होऊन फाटकाबाहेर पडली आणि बोळाच्या मधल्या घरात आली, तर समोरून माझी भरली गाडी. माझ्या मागं आईची शेवटची. बेबीच्या मागं माझी दुसरी, रिकामी. कोणाला पुढं जाता येईना आणि मागं सरायचं नाही. मी फासा फेकला, जागा नाही. आईनं फेकला, जागा नाही. बेबीनं फेकला. सवयीनं तिची दोन बोटं माझ्या गाडीपाशी गेली, तिला शिवली, आणि तिनं हात मागं घेतला. "नाही," ती म्हणाली, "आज मुभा नाही."

आम्ही तसेच फेकत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कढण उतू गेल्याचा वास आला तेव्हा आई उठून आत गेली. बेबीच्या हातातून फासा गळत होता. तिनं मान उशीवर टाकली आणि डोळे मिटून म्हणाली, "ताई, जराक थांब व. मंग खेळू." तिच्या पापण्यांवरच्या बारीक शिरा मला दिसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा ती पक्की म्हणून खेळायला बसली होती आणि तो डाव असा चिखलात रुतला होता. मी माझी गाडी एक घर, दोन घरं, बोळाबाहेर मागं घेतली. आईचीही घेतली. मग तिला हलवून म्हटलं, "अगं, तुले वाट हाय की! पाह्यलं नाही का तू? फेक."

तिनं डोळे उघडले. पटाकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी करायचं म्हणून फडकं भिजवू लागले. तिनं फासा फेकला, गाडी बोळाबाहेर काढली, आणि आणखी चार-पाच दानांत घरी नेली. "जिंकली!" मी ओरडले. आई हात पुसत धावत आली. बेबी म्हणाली, "मुभा न घेता ना?" मी म्हटलं, "न घेता." ती म्हणाली, "मंग दादाले लिही. माह्यासमोर लिही." मी वही घेऊन लिहिलं: डाव पुरा झाला. मुभा कोणालाच नाही. बेबी जिंकली. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

दादा आल्यावर खरं काय ते तोंडानं सांगू, असं मी मनाशी म्हटलं होतं. छापायला दोन-चार दिवस लागतीलच असं सोळा वर्षांच्या माझ्या डोक्याला वाटलं. अण्णांनी वही न उघडता कोटाच्या खिशात घातली आणि सकाळच्या गाडीनं गेले. त्याच संध्याकाळी बेबीचा ताप पुन्हा चढला. चौथ्या दिवशी परत आलेल्या अण्णांनी तार केली तेव्हा दादा आला, हाताला शाई लागलेली, पट छापून झालेले. खाटेजवळ बसून त्यानं तिच्या कानाशी म्हटलं, "वाचलं म्या. पक्की निघाली तू." ती हसली असं आई म्हणायची. मला वाटतं तिचे ओठ फक्त सुकले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली. खाट अंगणात धुवायला काढली तेव्हा पायथ्याच्या सुतळीत अडकलेली एक लाकडी गाडी खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

त्यानंतर घरात कापूसगाडी कोणी खेळलं नाही, आणि आता कळतं की तीच दुसरी चूक होती. एकदा जरी मांडला असता तरी कोंडी दिसली असती. पण तो पट बेबीच्या खाटेवरचा होता, तो जमिनीवर कसा मांडायचा? दादा दिवसभर मान खाली घालून डबे चिकटवायचा आणि मी लेबलं लावायची. आई त्याच्या शेजारी भाकरीचं ताट ठेवून जायची आणि तासानं तसंच उचलायची. वहीतलं ते पान दादानं फाडून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. ते मला कापडातून दिसायचं. दुपारी, संध्याकाळी, किती वेळा मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या त्या खिशात बेबीचं जे काही उरलं होतं ते मी कसं काढून घेऊ?

उन्हाळ्यात दादा पिशव्या भरून निघाला. चांदूर रेल्वे, मोर्शी, एस.टी.च्या टपावर डबे. काही दुकानदार सरळ म्हणायचे, "पोरायले खेळ फुकट भेटते हो, अंगणात माती हाय ना." काहींनी दादाचा चेहरा पाहून चार-पाच ठेवून घेतले. पंधरा-वीस दिवसांनी ते डबे परत येऊ लागले. गिऱ्हाईक म्हणते, डाव संपत नाही. दादाला पटेना. अकोटला एका जिनाच्या मॅनेजरांच्या घरी डबा गेला होता. हंगाम सरलेला, घरातली माणसं मोकळी. दादा मला घेऊन तिथं गेला. मॅनेजरांची बायको आणि तिच्या दोन जावा मोठ्या हौसेनं खेळायला बसल्या. आम्हाला पन्हं दिलं. त्या बायका हसत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, आणि दादाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड आला होता. मग बोळात तोंडाला तोंड भिडलं. धाकटी जाऊ म्हणाली, "आता काय करावं जी? मागं सरता येते का?"

"नाही," दादा म्हणाला. "बैल मागं सरत नाही."

"मंग आता गाड्या इथंच रायतीन?" ती हसून म्हणाली. दादाच्या तोंडाकडे पाहून तिचं हसू आवरलं.

स्टँडवर बाकावर बसल्यावर दादा बराच वेळ आपल्या तळव्यावर बोटानं रेघा ओढत होता. एकदम म्हणाला, "तिची मुभा, शालू! आपुन तिले सांभाळून घेत नव्हतो. थेच साऱ्याइले वाट काढून देत होती." मला वाटलं, सुटले. आता त्यालाच कळलं. आता तो एक चिठ्ठी छापेल, एका गड्याला मुभा द्यावी म्हणून, आणि खेळ चालेल. पण त्यानं खिशातून ते पान काढलं. "मंग हे कसं?" तो म्हणाला. "त्या दिवशी तं मुभा नोती. तरी जिंकली." त्यानं माझ्याकडे पाहिलं. समोर कंडक्टर अकोल्याची गाडी लागली म्हणून ओरडत होता. मी म्हटलं, "दानं चांगली पडली तिले." तो हलकेच मान हलवत राहिला. "म्हणजे जमते," तो म्हणाला. "नऊ वर्षांच्या लेकराले जमलं. लोकायले खेळता येत नाही, दुसरं काय."

त्यानंतर त्याला कोणी हलवू शकलं नाही. अकोल्याचा एक दुकानदार भला माणूस होता, त्यानं हात धरून सांगितलं, "मधुकरराव, डब्यात एक चिठ्ठी टाका. एका गड्याले सूट द्या, बस. खेळ गोड हाय तुमचा." दादा म्हणाला, "सुटीची गरज नाही. आमच्या घरची पोरगी बिनसुटीची जिंकली हाय." चिठ्ठी छापणं म्हणजे त्याच्या लेखी बेबीला पुन्हा कच्चं लिंबू करणं होतं. ते त्यानं केलं नाही. मी पाहत राहिले. एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते बोलायला जितका उशीर होत गेला तितकं ते जड होत गेलं. दिवाळीचा पाडवा उलटला आणि तो अण्णांनी चिकटवलेल्या जागी अमरावतीला कचेरीत रुजू झाला. अण्णा त्याला स्टेशनवर सोडून आले. ते जिंकले होते, पण तसं दिसत नव्हतं. आईनं उरलेले पट स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरले. लाकडी गाड्या पाणी तापवायच्या बंबात गेल्या. पुढची कित्येक वर्षं हळदीचा डबा उचलला की खाली अकोटचं फाटक दिसायचं.

दादा कचेरीतूनच निवृत्त झाला. पुन्हा त्यानं कधी फूटपट्टी हातात घेतली नाही. स्वतःच्या मुलांना सापशिडीसुद्धा आणली नाही. काही वर्षांपूर्वी तो आजारी पडला म्हणून मी अमरावतीला गेले. सकाळी अंबादेवीला जाऊन आले होते, देवीसमोर ठरवून आले होते. तो पलंगावर बसून संत्र्याच्या फोडी सोलत होता, शिरा काढून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होता, लहानपणी बेबीला द्यायचा तशी. मी नातवाच्या खेळाचं सांगितलं. तो समोर गप्प कसा बसतो तेही सांगितलं. दादा म्हणाला, "हुशार हाय. माह्याच्यानं गप बसवत नव्हतं." मग मी एका दमात म्हटलं, "दादा, त्या दुपारी बिनमुभेचा डाव अडला होता."

त्याचे हात थांबले. मला वाटलं, आता तो पाचशे डब्यांबद्दल विचारेल. अकोटबद्दल, त्या बाकाबद्दल, कचेरीतल्या त्या सगळ्या वर्षांबद्दल. त्याला तो हक्क होता आणि मी ऐकायला बसले होते. त्यानं उशाखालून चष्म्याचं घर काढलं. त्यात तळाशी ते पान होतं, घड्यांवर फाटत आलेलं. ते त्यानं उघडलं नाही, नुसतं हातात धरलं. त्याचा आवाज एकदम पोरासारखा झाला.

"मंग बेबी जिंकली नोती?"

त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत मी तशी भीती पुन्हा पाहिली नाही.

"जिंकली होती रे," मी म्हटलं. "अडला तो दुसरा डाव. म्हातारपणी माह्या डोक्यात सारं गोंधळून जाते."

"तेच म्हणतो," दादा म्हणाला, आणि पुढची फोड सोलू लागला.